करून देऊ नका, करवून घ्या : पक्षाघातानंतर घरच्यांनी काय काय करायचं

पहिल्या दिवशी मी अव्वांच्या घरी गेले तेव्हा त्या पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि सूनबाई त्यांना वरणभात भरवत होत्या. उजवी बाजू गेलेली. डावा हात मात्र धडधाकट, आणि तोच मांडीवर रिकामा पडलेला. मी वाटी सूनबाईंच्या हातातून घेतली, अव्वांच्या डाव्या बाजूला ठेवली आणि चमचा त्यांच्या हातात दिला. सूनबाई एकदम गडबडल्या. "असं कसं ओ मॅडम? शेजारचे काय म्हणतील? सून घरात असून सासूला हातानं खायला लावती म्हणतील की." तोवर अव्वांनी एक चमचा उचलला होता. निम्मा भात साडीवर सांडला, निम्मा तोंडात गेला. पंधरा दिवसांत त्यांनी स्वतः घेतलेला तो पहिला घास.

मी सोलापुरात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. एका घरी आठवड्यातून तीन दिवस, पाऊण-पाऊण तास. आठवड्याचे १६८ तास, त्यातले माझे सव्वादोन. उरलेल्या तासांत रुग्णाचं काय होतं ते घरातली माणसं ठरवतात. आपल्याकडे माणसांची वानवा नसते. पक्षाघात झाला म्हटलं की घर भरून जातं. पाणी पाजणारे दहा, उशी सारखी करणारे पाच. पण त्या माणसाकडून काही करवून घेणारं सहसा कुणी नसतं.

आपल्याकडे याला वारं गेलं म्हणतात, लकवा म्हणतात, अर्धांगवायू म्हणतात. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि त्या भागाचं काम बंद पडतं. बिघाड हातापायात नसतो, त्यांना हुकूम देणाऱ्या जागेत असतो. आजूबाजूचा शाबूत मेंदू ते काम नव्यानं शिकू शकतो, पण शिकतो तो फक्त करून. दुसऱ्यानं हात हलवून दिला तर सांधा मोकळा राहायला थोडी मदत होते, एवढाच फायदा. मेंदूला मात्र त्यातून फारसं काही मिळत नाही. रुग्णानं स्वतः हलवायचा प्रयत्न केला, भले हात दोनच बोटं सरकला, तर मिळतं. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, सहा महिन्यांपर्यंत बरा असतो. पुढे तो मंदावतो, थांबत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मॅडमनी सगळं आमच्यावर ढकललं. घरच्यांनाच शिकवून व्यायाम करवून घेतला तर काय होतं, याचा मोठा अभ्यास भारतातच झाला आहे. 'अटेंड' नावाचा. २०१४ ते २०१६ या काळात देशातल्या १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण त्यात होते आणि निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. घरच्यांना खास प्रशिक्षण दिलेला गट आणि नेहमीचे उपचार घेतलेला गट, दोन्हींत सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांचं प्रमाण सारखंच निघालं, ४७ टक्के. मी याचा अर्थ असा लावते, की घरच्यांना चार व्यायाम शिकवले म्हणून थेरपिस्टची जागा भरत नाही. तेव्हा 'यूट्यूबवर बघून आम्हीच करतो' हा बेत सोडून द्या. घरच्यांचं काम वेगळं आहे: खांदा वाचवायचा, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, ठसका लागू द्यायचा नाही, पडू द्यायचं नाही, गोळी चुकवायची नाही, आणि दिवसातल्या साध्या साध्या कामांतून सराव घडवायचा.

दवाखान्यातून निघण्याआधी

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बिलाकडे आणि रिक्षाकडे असतं. त्याच्या दोन दिवस आधी, जो घरी खरोखर सांभाळणार आहे त्यानं वॉर्डात थांबावं. थोरला मुलगा कागद घेऊन फिरतो आणि सांभाळणार असते सून, असं झालं की निम्मी माहिती वाटेतच सांडते.

डॉक्टरांना विचारून लिहून घ्या: गुठळी होती की रक्तस्राव? बीपी किती ठेवायचं? रक्त पातळ करणारी गोळी आहे का, आणि किती दिवस? गिळणं तपासलं का, पातळ चालेल की घट्टच द्यायचं? लघवीची नळी कधी काढायची? पुन्हा कधी दाखवायचं?

कूस बदलणं, उठवून बसवणं, खुर्चीत घेणं हे सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्ट करत असताना नुसतं बघू नका. "आता मी करते, तुम्ही बघा" असं म्हणा. त्यांच्यासमोर एकदा चुकलेलं बरं. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, रुग्णाला विचारून.

घराची मांडणी

अव्वांचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत पलंग, आतल्या खोलीत चूल आणि पिठाचे डबे, कारण अव्वा ऑर्डरच्या कडक भाकरी करायच्या. वारं गेलं त्या पहाटेसुद्धा त्या परातीपुढेच होत्या.

पलंगाची उंची अशी हवी, की कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघा काटकोनात राहील. साधारण दीड फूट. कमी असेल तर पायांखाली सारख्या, न हलणाऱ्या विटा किंवा लाकडी ठोकळे लावा. जमिनीवरच्या गादीवरून उठवताना रुग्णाचा खांदा आणि तुमची कंबर दोन्ही जातात. निदान पहिले काही महिने पलंग हवाच.

पलंग भिंतीला लावायचाच असेल तर चांगली बाजू भिंतीकडे ठेवा. मग येणारा-जाणारा, टीव्ही, बोलणारी माणसं सगळी कमजोर बाजूला येतात आणि रुग्णाची मान तिकडे वळते. काहींना, विशेषतः डावी बाजू गेलेल्यांना, त्या बाजूचं जगच नाहीसं होतं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावी चप्पल घालायची राहते. हा हट्ट नाही की विसरभोळेपणा नाही. मेंदूच तिकडे बघत नाही. त्यांच्या डाव्या हाताला स्पर्श करून, "इकडे बघा, इकडे काय आहे?" असं पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.

आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घरभर पाईप, घागरी, पिंपं आणि फरशीवर ओल. त्या वेळात चालण्याचा सराव करू नका, पलंगावरचा करा. एरवीही पायपुसणी, लोंबणारी वायर, गुळगुळीत सपाता वाटेतून हटवा. पट्ट्याची, मागून बंद चप्पल घ्या. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर कमोडची खुर्ची घ्या, भाड्यानंही मिळते. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून केलेला जुगाड मी तीन घरांत पाहिला. एका घरात तो रुग्णासकट कोसळला.

कुणी काय करायचं

मी पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना बसवते. एका कामाला एकच नाव. 'सगळे मिळून बघू' म्हटलं की शेवटी सगळं सुनेच्या नाहीतर बायकोच्या अंगावर पडतं.

त्या घरात अप्पा होते, यंत्रमागावरून निवृत्त. दिवसभर उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला आजाराची हकीकत सांगायचे. बायकोला हात लावायला बिचकत होते. त्यांना गोळ्या, बीपी आणि वही दिली. चाळीस वर्षं पाळी सांभाळलेला माणूस; आठ म्हणजे आठला गोळी. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात. कामावर जायच्या आधी वीस मिनिटं उभं करणं आणि चालवणं त्याच्याकडे, कारण त्याला ताकद लागते. आठवीतल्या नातवाकडे संध्याकाळचं बोलणं आणि हाताचा सराव. सूनबाईंकडे अंघोळ, कपडे, जेवण. शेजारच्या काकूंनी रोज दुपारी तासभर येऊन बसायचं, आणि त्या तासात सूनबाईंनी झोपायचं. हे शेवटचं कलम मी मुद्दाम वहीत लिहून घेतलं.

रुग्णालाही विचारा, काय जमावंसं वाटतं? 'बरं व्हायचंय' या उत्तरावर काही ठरवता येत नाही. अव्वांनी बोटानं रस्त्याकडे खूण केली. बऱ्याच प्रयत्नांनी कळलं, की जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक निघते ती उभं राहून बघायची आहे. तेव्हा ऑगस्ट चालू होता. मग दाराच्या चौकटीला धरून पाच मिनिटं उभं राहणं, हे आमचं पहिलं ध्येय झालं.

पलंगावर: कूस आणि चादर

जागेपणी आणि झोपेतही साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची.

कमजोर कुशीवर झोपवता येतं, आणि झोपवावंही. अंगाचा भार पडल्यानं त्या बाजूची जाणीव जागी होते. फक्त खालचा खांदा अंगाखाली चेंगरू देऊ नका. खांद्याच्या पाख्यामागे, म्हणजे पाठीवरच्या चपट्या हाडामागे हात घालून तो हलकेच पुढे घ्या, हात समोर पसरा, तळवा वर. वरचा चांगला पाय वाकवून पुढे उशीवर. चांगल्या कुशीवर झोपवताना छातीपुढे उशी, तिच्यावर कमजोर हात लांब ठेवा, मनगट खाली लोंबू देऊ नका. कमजोर पाय किंचित वाकवून दुसऱ्या उशीवर. उताणं कमीत कमी ठेवा, कारण त्या स्थितीत ताठरपणा वाढतो आणि माकडहाडावर दाब येतो. उताणं असताना कमजोर खांदा आणि हात यांच्याखाली उशी हवी. पाऊल सरळ राहावं म्हणून तळपायाला लाकडी फळी टेकवून ठेवतात ती काढा. चवड्यावर सतत दाब आला की पाय उलट ताठतो.

रुग्ण सारखा खाली घसरतो, मग दोघं जण काखेत हात घालून वर ओढतात. सगळ्यात जास्त खांदे इथं बिघडतात. त्याऐवजी घरात असलेली आपली जाड सोलापुरी चादर काढा. दुहेरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली येईल अशी आडवी घाला. तिची नक्षीची वीण कातडीला रुतते, म्हणून वर मऊ सुती साडी पसरा, सुरकुती राहू देऊ नका. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं. चादरीची कड अंगाजवळ येईपर्यंत गुंडाळून मुठीत धरायची, तळवे वर. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ. रुग्णाला सांगायचं, "चांगला पाय दुमडून टाच रोवा आणि तीन म्हटल्यावर ढकला." एक, दोन, तीन. अव्वांनी पहिल्यांदा टाच रोवून ढकललं तेव्हा मुलगा म्हणाला, "निम्मं वजन तर तिनंच उचललं की!"

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा, घोटे बघा. कातडी लाल किंवा आजूबाजूपेक्षा काळपट, गरम, कडक वाटली आणि बोटानं दाबल्यावरही रंग जात नसेल तर ती जखमेची सुरुवात. तिथं चोळू नका. त्या बाजूला झोपवणं बंद करा आणि दाखवा.

बसणं, उभं राहणं, चालणं

पलंगाच्या कडेला बसवणं ही पहिली पायरी. कुशीवर वळवा, पाय पलंगाबाहेर सोडा, चांगल्या हातानं ढकलत रुग्ण उठेल. तुम्ही फक्त खांद्याच्या पाख्यामागून आधार द्या. बसल्यावर लगेच उभं करू नका. दोन मिनिटं थांबा, चक्कर येते का विचारा.

उभं करताना क्रम असा:

१. रुग्णाला कडेपर्यंत पुढे सरकवा. दोन्ही तळपाय जमिनीला, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे.
२. तुम्ही कमजोर बाजूला, जरा समोर. तुमच्या गुडघ्यानं त्यांच्या कमजोर गुडघ्याला समोरून टेका द्या, म्हणजे तो मोडणार नाही.
३. कमरेला रुंद पट्टा किंवा पंचा घट्ट बांधा आणि तिथं धरा. हाताला नाही, काखेत नाही.
४. "पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येऊ द्या." लोक मागे रेलून उठायला बघतात आणि फसतात. वजन पुढे आलं की बूड आपोआप उचलतं.
५. उभं राहिल्यावर दोन्ही पायांवर सारखं वजन. कमजोर पायावर भार द्यायला घाबरतात. तिकडे झुकवून बघा.
६. बसताना धपकन नाही. हळूहळू, पाच आकडे मोजत.

हा उठ-बस व्यायाम मला बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. एका वेळी पाचपासून सुरू करा, दमछाक बघत दहापर्यंत न्या, दिवसातून तीन-चार वेळा. संडासला जायचं असलं तरी एकदाऐवजी दोनदा उठवा. व्यायामासाठी वेगळा वेळ मिळत नाही असं म्हणणाऱ्यांची सबब इथं संपते.

खुर्चीत घेताना खुर्ची रुग्णाच्या चांगल्या हाताकडे, पलंगाला तिरकी लावा. चाकाची असेल तर ब्रेक आधी. काठी चांगल्या हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना कमजोर पाय आधी खाली. कपडे घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना तो शेवटी.

एका दमात तासभर करण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं, चार-पाच वेळा बरं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात दुपारी व्यायाम नकोच. सकाळी आठच्या आत, नाहीतर उन्हं कलल्यावर.

हाताची गोष्ट

पाय लवकर येतो, हात उशिरा. बरेच जण चालायला लागतात आणि हात लोंबताच राहतो, कारण एका हातानं चालून जातं आणि घरचे उरलेलं करून देतात.

आधी खांदा. स्नायू ढिले पडलेले असताना हाताच्या वजनानंच सांधा खाली निसटू शकतो. बसलेलं असताना हात कायम उशीवर किंवा टेबलावर. हाताला धरून ओढायचं नाही, कौतुकानंही नाही. छताला कप्पी बांधून चांगल्या हातानं दोरी ओढत कमजोर हात वर नेण्याचा प्रकार अजून दिसतो. त्यानं खांदा दुखावतो, उतरवून ठेवा. दुसरी आवडती गोष्ट रबरी चेंडू. भेटायला येणारे फळांसोबत तोही आणतात. पक्षाघातात बोटं बहुधा मिटण्याकडेच ओढ घेतात, अवघड असतं ते उघडणं. तेव्हा चेंडू दाबत बसण्यापेक्षा मूठ उघडून वस्तू सोडण्याचा सराव करवून घ्या.

टॉवेलचा व्यायाम सोपा आहे आणि टॉवेलला आपल्याकडे तोटा नाही. टेबलावर टॉवेल पसरा, त्यावर कमजोर तळवा, वर चांगला हात. टेबल पुसल्यासारखं पुढे सरकवायचं, मागे आणायचं. मग उजवी-डावीकडे. हळूहळू वरचा हात काढून घ्यायचा. वीस वेळा झालं की थांबा. दुखलं तर आधीच थांबा.

त्यानंतर माणसाच्या हाताला जी सवय आहे तिकडे वळा. अव्वांसाठी मी नातवाला शेंगा आणायला सांगितल्या. डाव्या हातानं शेंग फोडायची आणि दाणे उजव्या हातानं वाटीत टाकायचे. पहिले आठ दिवस दाणा बोटांत येईचना. अव्वा वैतागून वाटी ढकलून द्यायच्या. नातू पुन्हा गोळा करायचा, "अज्जी, अजून पाच, मग टीव्ही." तीन आठवड्यांनी दाणा चिमटीत आला. मग परात काढली. सूनबाईंनी ज्वारीचं पीठ भिजवून गोळा दिला. अव्वांनी उजवा तळवा त्यावर ठेवला, डाव्या हातानं दाबला. तो नुसता पडून असलेला हात गोळ्यावर गेला आणि बोटं पसरली. मी चार आठवडे जी बोटं पसरवायला बघत होते, ती पिठाला बघून पसरली. भाकरी एका अंगानं जाड आणि एका अंगानं फाटकी झाली. तव्याजवळ मात्र जाऊ दिलं नाही. कमजोर हाताला गरम-गार कळत नाही, भाजलं तरी समजत नाही.

विणकर असेल तर सुताची गाठ, शिंपी असेल तर कापडाची घडी, दुकानदार असेल तर चिल्लर मोजणं. साहित्य घरातच असतं.

जेवण

इथं चूक झाली तर न्यूमोनिया होतो, म्हणून घाई नको. खाताना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. झोपवून काहीही भरवायचं नाही, गुंगीत असताना तोंडात पाणी घालायचं नाही. छोटा घास, तोंडाच्या चांगल्या बाजूला. गिळल्यावर पुढचा. शेवटी कमजोर गालाच्या खोबणीत घास अडकला आहे का ते बोटाला फडकं गुंडाळून बघा. जेवणानंतर अर्धा तास बसूनच.

पाण्यानं ठसका लागतो, खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरीत येतो, जेवताना दम लागतो. यातलं काही दिसलं तर तोंडानं देणं थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. नाकातून नळी असेल तर देताना आणि नंतरही उशाकडचा भाग उंच.

आता आपल्या घरातली अडचण. कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी. दोन्ही तोंडात भुगा होऊन सगळीकडे पसरतात, आणि तो भुगा श्वासनलिकेत जातो. भाकरी पातळ आमटीत कुस्करून दिली तरी पाणी आधी घशात उतरतं आणि तुकडे मागे राहतात. त्यापेक्षा मऊ खिचडी, घट्ट आंबील, कुस्करलेलं केळं, घट्ट दही चालतं. अव्वांनी चटणीसाठी डोळ्यांत पाणी आणलं. ती दह्यात घट्ट कालवून, बोटाच्या टोकावर दिली. मीठही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, आणि पापड-लोणच्यातलं मीठही मीठच असतं.

बोलणं

उजवी बाजू गेली असेल तर बऱ्याचदा वाचाही अडकते, कारण भाषेची जागा बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असते. शब्द सापडत नाही, किंवा एक म्हणायचं असतं आणि भलतंच तोंडून निघतं. माणूस बुद्धीनं जागा असतो. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल 'आता काही कळत नाही हिला' असं बोलू नका. कळतं.

सोलापुरात एकाच घरात दोन-तीन भाषा असतात. अव्वांचं माहेर कन्नड, सासरी मराठी-कन्नड मिसळ. पहिला शब्द आला तो 'नीरू', म्हणजे पाणी. घरचे मराठीतून प्रश्न विचारून दमले होते. जी भाषा आधी येईल ती येऊ द्या. वाक्य छोटं, एका वेळी एक गोष्ट, हो-नाहीचा प्रश्न. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा, तोवर गप्प. शब्द तुम्ही पुरवू नका. एकटा शब्द न येणाऱ्यांनाही कधी कधी आकडे, वार, आरती ओळीनं म्हणता येतात. रोज संध्याकाळची आरती सगळ्यांनी मिळून म्हणा. स्पीच थेरपिस्ट मिळाला तर उत्तमच.

हे नको

कबुतराचं रक्त चोळणं, 'लकव्याचं खास इंजेक्शन', अमक्या गावची पुडी. यात पैसे जातात आणि त्याहून महत्त्वाचे पहिले तीन महिने जातात. पुडीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं आणि ती मिळाली की चालू गोळ्या बंद होतात, हे मोठं भय. तेलाची हलकी मालिश करा हवी तर, पण खांदा मागे पिळून 'शीर मोकळी' करणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. गरम पाण्याची पिशवी बधिर अंगावर ठेवू नका.

गोळ्या आणि धोक्याच्या खुणा

'बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली' हे वाक्य मी फार ऐकते. नॉर्मल आलं ते गोळीमुळं. बहुतेकांना बीपी १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांचा. गुठळीच्या पक्षाघातात रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून थांबवायची नाही. रक्तस्रावाच्या रुग्णाला मात्र शेजाऱ्याचं ऐकून तीच गोळी सुरू करायची नाही. तंबाखू, मिश्री, विडी घरातूनच बाहेर. साखर असेल तर तीही ताब्यात.

तोंड नव्यानं वाकडं झालं, हात पडला, बोबडी वळली, अचानक दिसेनासं झालं, तोल गेला किंवा कधी नव्हे असं डोकं दुखलं, तर १०८. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ सांगा, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'सकाळपर्यंत बघू' नाही. एका पायाची पोटरी सुजून गरम झाली, अचानक धाप लागली, झटके आले, ताप आणि खोकला आला, तरीही थांबू नका.

सांभाळणाऱ्याचं काय

पक्षाघातानंतर तीनातल्या एकाला तरी नैराश्य येतं आणि ते औषधानं, बोलण्यानं सुधारतं. विनाकारण रडू किंवा हसू फुटतं, तेही मेंदूतल्या इजेमुळं. सून काहीतरी बोलली म्हणून रडली, असा अर्थ काढून घरात भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

आणि सूनबाई. दोन महिन्यांनी त्यांची कंबर गेली होती आणि वजन उतरलं होतं. नणंद फोनवर रोज विचारायची, "आईला आज काय काय करवलंस?" फोनवर विचारणाऱ्यांनी महिन्यातून दोन दिवस येऊन स्वतः करावं, एवढं मी त्या घरात स्पष्ट बोलले. नणंद आली. पहिल्या रात्री दर दोन तासांनी उठल्यावर तिनं सकाळी वहिनीला चहा करून दिला.

सहा महिन्यांनंतरही अपंगत्व बरंच राहिलं तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी अर्ज करा. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सवलतींचा मार्ग खुला होतो. कागदपत्रांची फाइल पहिल्या दिवसापासून एका पिशवीत ठेवा, एमआरआयच्या फिल्मसकट.

वही

शंभर पानी, साधी. रोजचं एक पान: बीपी, गोळ्या, किती वेळा उठ-बस, हाताचं काय केलं, संडास झाली का, कुठं लाल दिसलं का, काय नवीन जमलं. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर आठवत बसायला नको. अप्पा बारीक अक्षरात लिहायचे, मागावरच्या नोंदीसारखं. नोव्हेंबरातलं एक पान मी फोटो काढून ठेवलं आहे:

"बीपी १२८/७८. आठची गोळी दिली. उठ-बस दहा, तीनदा. शेंगा अर्धी वाटी. दारात चार मिनिटं उभी. चहात साखर कमी म्हणून भांडली. मराठीत."